बोर्डावरची तिसरी ओळ

"सगळं वाचून दाखवा," तोमोया म्हणाला. "वरपासून खालपर्यंत."

आम्ही चिंचवेस चौकात उभे होतो. फुटबॉलच्या फायनलचा दिवस. सकाळीच चहाच्या गाड्याभोवती पोरांचा घोळका जमला होता आणि तालमीच्या भिंतीवर आदल्या दिवसापासून एका मजल्याएवढा फ्लेक्सचा डिजिटल बोर्ड लागला होता. बोर्डावर तोमोया हाताची घडी घालून उभा. त्याच्या मागे बर्फाचा डोंगर आणि डोंगराच्या बाजूला जबडा उघडलेला वाघ. जपानात वाघ नसतात हे पोरांना सांगण्यात अर्थ नव्हता. वाघाशिवाय बोर्ड म्हणजे आमच्याकडे हळदीशिवाय लग्न.

मी वाचायला लागले. "'चिंचवेसची शान, जपानचं तुफान.' मग तुमचं नाव. मग 'फायनलसाठी हार्दिक शुभेच्छा'. खाली शुभेच्छा देणाऱ्यांची नावं आणि फोटो."

तो हसला. मग बोर्डाकडे बोट करून म्हणाला, "तृप्तीसान, माझ्या नावाखाली अजून एक ओळ आहे. लाल अक्षरांत. ती तुम्ही वाचली नाहीत."

"ती नेहमीचीच असते हो."

"काल मी बाबांना या बोर्डाचा फोटो पाठवला. त्यांनी विचारलंय, काय लिहिलंय. मला नीट लिहून पाठवायचंय."

आता सुटका नव्हती. मी वाचलं, "'जपानच्या राष्ट्रीय संघाचा स्टार खेळाडू.'"

"परत वाचा."

मी परत वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात जीव उरला नाही. चहाच्या गाड्यावरून कुणीतरी "तोम्याऽऽ, आज दोन तरी मार!" म्हणून ओरडलं. त्यानं सवयीनं वाकून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळला.

"मी जपानच्या संघातून कधीच खेळलेलो नाही. तिसऱ्या श्रेणीतल्या एका लहान क्लबात दोन हंगाम होतो, तेही जास्त करून बाकावर. हे कुणी लिहिलं?"

कुणी लिहिलं, याचं उत्तर सोपं नव्हतं.

माझी ओळख करून द्यायची राहिली. मी तृप्ती इंगवले, चिंचवेसचीच. तेव्हा एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत जपानी दुभाषी होते. कंपनीत जपानी इंजिनिअर यायचे, कास्टिंगमधली भोकं शोधायचे आणि अतिशय नम्रपणे आमची खरडपट्टी काढायचे. त्या नम्र खरडपट्टीचं मराठी करणं ही माझी नोकरी. माझी सगळी जपानी भाषा त्या भोकांपुरती. पण कोल्हापुरात जपानी येणारी मुलगी म्हणून पेठेत माझा मोठा रुबाब होता. तालमीनं आपल्या फुटबॉल संघात जपानी खेळाडू आणला तेव्हा तालमीचे अध्यक्ष सर्जेराव नाना थेट घरी आले आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी तालमीची हाय, दुसरं कुणाकडं जायचं?" आबा एके काळचे तालमीचे गोलकीपर. दोन्ही हातांची बोटं वाकडी झालेली. त्यांना विचारायचीही गरज नव्हती.

गोव्यातल्या एका क्लबानं तोमोयाला हंगाम संपल्यावर मोकळं केलं होतं. नानांनी त्याला तिथून आणलं. तोमोया कुरोनुमा. शिडशिडीत, डावखुरा, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी सराव संपल्यावर तो मैदानाबाहेर आला, मागे वळला आणि मोकळ्या मैदानाकडे तोंड करून कमरेत वाकला. कठड्यावर तालमीचे जुने पैलवान बसले होते. लाल मातीला हात लावून तो कपाळाला लावल्याशिवाय आखाड्यात न उतरणारी माणसं ती. त्यातला एक जण उठून उभाच राहिला. "आरं, मातीला नमस्कार करतंय पोरगं!"

झालं. संध्याकाळपर्यंत पेठेनं त्याला दत्तक घेतलं. तोमोयाचा तोम्या झाला. मिसळवाल्यानं 'जपान स्पेशल' काढली, म्हणजे त्याच मिसळीवर एक पापड जास्त. निम्म्या गल्लीनं केस त्याच्यासारखे कापून घेतले आणि निम्म्या गल्लीला ते अजिबात शोभले नाहीत. म्हाताऱ्या बायका मॅचला जाताना त्याची दृष्ट काढायच्या. तो डोळे मिटून उभा राहायचा.

आणि मग बोर्ड. पहिला साधा होता, 'जपानचा खेळाडू'. मागच्या गल्लीच्या पोरांनी दुसरा लावला, त्यावर 'जपानचा नामवंत खेळाडू'. मग चौकातल्या पोरांनी मागे का राहायचं? खरं सांगते, यात कुणाला फसवायचा हेतू नव्हता. बोर्डावर माणूस चढवला की त्याला एक पायरी वर दाखवायचं, ही आमच्याकडची रीत. बारावी पास झालेला 'उच्चशिक्षित' होतो आणि अध्यक्षांचा मेहुणा 'किंगमेकर'. वाचणारा मनातल्या मनात दोन पायऱ्या खाली उतरवून घेतो. पण हे सगळं जपानीत कसं सांगायचं? आमच्या फौंड्रीत यासाठी शब्द नव्हता. मी सांगून पाहिलं.

तोमोयानं शांतपणे ऐकून घेतलं. "वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे की हे खोटं आहे?"

"तसं नाही. अर्ध्यांना खरं वाटतं."

"मग मला अध्यक्षांना भेटायचंय. आत्ता."

तालमीच्या ऑफिसात नाना फेटा बांधून घेत होते. पुढच्या वर्षी त्यांना महापालिकेला उभं राहायचं होतं, त्यामुळे फायनल जितकी तालमीची तितकीच नानांची होती. आबा कोपऱ्यात खुर्चीवर बसून नव्या गोलकीपरचे ग्लोव्हज तपासत होते. मी तोमोयाचं म्हणणं सांगितलं. नाना मोठ्यानं हसले.

"आरं मर्दा, एवढंच व्हय! मॅच झाली की उतरवू. आत्ता उतरवला तर पागावाली म्हणतील, चिंचवेस भ्याली. आदीच त्यांच्यातल्या कुणीतरी नेटवर बघून बोंब मारायला चालू केलीया."

फायनल पागा तालमीशी होती. पागा आणि चिंचवेस यांच्यात एक रस्ता आहे आणि दोन पिढ्यांचं वैर. मी तोमोयाला सांगितलं, बोर्ड मॅचनंतर काढतील.

"बोर्ड भिंतीवर आहे," तो म्हणाला. "तो मी लावलेला नाही. पण मॅचआधी माईकवरून प्रत्येकाची ओळख करून देतात. नाव घेतलं की आम्ही एक पाऊल पुढे जातो, हात वर करतो. सेमी फायनलला माझ्याबद्दल काय म्हणाले होते?"

मी नानांच्या फेट्याकडे बघत राहिले. हीच ओळ म्हणाले होते. निवेदक बोंद्रे मास्तरांच्या खणखणीत आवाजात.

त्याला उत्तर मिळालं. तो टेबलाचा कोपरा धरून उभा राहिला. "तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आज आहे. आज ते ऐकून मी पाऊल पुढे टाकलं, तर ते खोटं माझं झालं. मी तसं करणार नाही. नुसतं नाव घ्यायला सांगा. नाही तर मी रांगेतून हलणार नाही."

मी हे जसंच्या तसं नानांना सांगितलं. नानांचं हसू मावळलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"असं कर तृप्ते. त्येला सांग, फक्त नाव घेत्यात म्हणून."

"बोंद्रे मास्तरांना तसं सांगणार का तुम्ही?"

"मास्तरांना कशाला सांगायचं? मी जिल्हाभर सांगत फिरलोय, नॅशनलचा प्लेअर आणलाय म्हणून. त्येला काय मराठी कळतंय? नाव ऐकलं की जाईल पुढं. तू नुसतं सांग."

मी आबांकडे पाहिलं. आबा ग्लोव्हजची पट्टी पुन्हा पुन्हा लावत होते, काढत होते. मला त्यांचा राग आला. अख्ख्या पेठेत ज्यांच्याकडे मी अशा वेळी पाहायचे तो माणूस पट्टीशी खेळत बसला होता.

मी तोमोयाकडे वळले. शक्य तितक्या सपाट आवाजात जपानीत म्हणाले, "अध्यक्षांनी मला सांगितलंय की, फक्त नाव घेतलं जाईल असं तुम्हाला सांगावं. पण तसं होणार नाही. ती ओळ म्हटली जाईल."

तोमोयानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग नानांकडे वळून कमरेत वाकला आणि त्याला येणाऱ्या मोजक्या मराठी शब्दांतला एक म्हणाला, "धन्यवाद."

"बघा!" नाना खूश झाले. "गुणी हाय पोरगं."

तो काय करणार आहे हे त्यानं मला सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

दुपारी मैदान गर्दीनं फुटायच्या बेतात होतं. एका बाजूला आमचे झेंडे, दुसऱ्या बाजूला पागाचे, मध्ये पोलिसांची रांग. हलग्या दोन्हीकडे कडाडत होत्या. पण पागाच्या बाजूनं हलगीबरोबर एक घोषणाही येत होती. "नॅशनल! नॅशनल!" आणि मागून हशा. म्हणजे त्यांना कळलं होतं. तोमोया पुढे आला तर तो खोटारडा, नाही आला तर पळपुटा. दोन्ही बाजूंनी त्यांची मजा होती.

मी बाकाजवळ आबांच्या शेजारी उभी होते. वॉर्मअप करणाऱ्या तोमोयाकडे बघत आबा पुटपुटले, "चेंडू आला की डावा पाय जरा उशिरा उचलतंय हे. एवढंच काय ते."

"आबा, तुम्हाला पायाचं पडलंय?"

दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. टेबलामागे बोंद्रे मास्तर उठले. मास्तर मूळचे कुस्तीचे निवेदक. पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका. फुटबॉलचा माईकही त्यांच्याचकडे, कारण तसा आवाज दुसऱ्या कुणाकडे नव्हता. एकेक नाव पुकारलं जात होतं, एकेक जण पुढे येत होता.

"आणि आता, चिंचवेसचा हुकमी एक्का! जपानच्या राष्ट्रीय संघाचा स्टार खेळाडू, तोमोयाऽऽ कुरोनुमाऽऽ!"

तोमोया हलला नाही.

आमच्या बाजूचा जल्लोष सुरू होऊन मध्येच अडकला. मास्तरांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा तीच ओळ म्हटली. तोमोया पाय जुळवून, मान ताठ ठेवून तसाच उभा. पागाच्या बाजूनं शिट्ट्यांचा लोळ उठला. मग त्यानं पाऊल टाकलं, पण पुढे नाही. तो रांग सोडून टेबलाकडे चालत गेला आणि तिथून त्यानं मला हाक मारली.

"तृप्तीसान, इकडे याल का?"

नानांनी माझं मनगट धरलं. फेट्याखाली त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. "तृप्ते, त्यो काय बी बोलूदे. तू म्हण, फायनलला खेळायला मिळालं म्हणून आनंद झाला. हितं कुणाला कळतंय? पेठंत ऱ्हायाचं हाय तुला."

तेव्हा आबांनी नानांचा हात काढला. त्या वाकड्या बोटांनी, एकेक बोट करून. "जा पोरी," ते म्हणाले. "त्यो म्हणंल तेच सांग. गोल सोडून भाईर आल्यावर मधी थांबायचं नसतंय."

मी गेले. माईक हातात घेतला. तोमोया एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा.

"माझं नाव तोमोया कुरोनुमा," मी म्हणाले. "मी जपानच्या राष्ट्रीय संघातून कधीही खेळलेलो नाही."

दोन्हीकडच्या हलग्या थांबल्या.

"मी तिसऱ्या श्रेणीतला खेळाडू. बराचसा काळ बाकावर बसलो. मग त्या क्लबानं मला सोडून दिलं. तुम्ही मला खूप प्रेम दिलंत. ते मी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर घेऊ शकत नाही. तुम्ही खेळू दिलंत तर मी आज खेळेन. नाही म्हणालात तर परत जाईन."

आधी पागाची बाजू फुटली. हशा, शिट्ट्या, "चिंचवेसचा नॅशनल पडला रे!" मग आमच्याच बाजूनं पाण्याचा एक पाऊच आला आणि आमच्या पायाशी फुटला. दुसरा नानांच्या दिशेनं गेला. पोलीस सावरून उभे राहिले. तोमोया कमरेत वाकला होता आणि वर येत नव्हता. कुणीतरी हो म्हणेपर्यंत किंवा नाही म्हणेपर्यंत तो तसाच राहणार होता. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

बोंद्रे मास्तरांनी माझ्या हातून माईक काढून घेतला. घाई नाही, गडबड नाही. घसा खाकरला, तोही माईकवर.

"पोरी, ह्येला इचार. गाव कुठलं?"

मी विचारलं. तोमोयानं मान वर केली. त्याला प्रश्न अपेक्षित नव्हता. "कामोशिरो. समुद्राकाठी आहे. लहान आहे."

"आणि वस्ताद कोण? कुणाच्या हाताखाली शिकलाय?"

सुदैवानं वस्तादासाठी जपानीत नेमका शब्द आहे आणि तो मला येत होता. एवढं सगळं न अडखळता सांगणारा माणूस पहिल्यांदा अडखळला.

"कुरोनुमा योशिहारू. माझे बाबा. बंदरावर मासळी वाळवायच्या अंगणात त्यांनी मला शिकवलं." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हे माईकवर सांगू नका. जपानच्या क्लबानं सोडल्यापासून त्यांनी मला फुटबॉलबद्दल एक शब्द विचारला नव्हता. काल पहिल्यांदाच विचारलं, बोर्डावर काय लिहिलंय."

ते मी सांगितलं नाही. गाव आणि वस्तादांचं नाव तेवढं सांगितलं. मास्तरांनी ते नाव दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं, ओठांतल्या ओठांत घोळवलं. मग पटका सारखा केला, छाती भरून घेतली आणि लाल मातीच्या मैदानात कुस्तीची जोड लावताना पुकारतात तसं पुकारलं.

"मैदानात येतोय, जपान मुलखातला, कामोशिरो गावचा, योशिहारू वस्तादांचा पठ्ठा, तोमोयाऽऽ कुरोनुमाऽऽ!"

वस्तादाचं नाव पुकारलं की हलगी वाजवायची, ही आमच्याकडच्या हलगीवाल्यांच्या हाताला लागलेली सवय. आणि पहिली हलगी वाजली ती पागाच्या बाजूला. तिकडच्या म्हाताऱ्या हलगीवाल्याचा हात डोक्याला न विचारता चालला असावा. त्याच्या शेजारची पोरं त्याच्याकडे बघतच राहिली. तो थांबला नाही. मग आमच्या हलग्या मिळाल्या. कठड्यावरचे आमचे पैलवान उभे राहिले, आणि समोर पागाचेही जुने पैलवान उठले. वस्तादाच्या नावाला कोण बसून राहणार?

"तुमच्या बाबांचं नाव घेतलं," मी तोमोयाला म्हणाले. "त्यांचा शिष्य म्हणून तुम्हाला बोलावतायत. ती ओळ नाही."

त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. हात वर केला नाही. आमचे पैलवान करतात तसा खाली वाकून मैदानाला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

मॅच आम्ही हरलो. एक शून्य. शेवटी शेवटी तोमोयाला गोलसमोर चेंडू मिळाला होता, त्यानं डाव्या पायानं मारला आणि तो बारला लागून बाहेर गेला. माझ्या शेजारी आबांनी कपाळावर हात मारला. नाना त्याआधीच निघून गेले होते.

हरलेल्या खेळाडूचा बोर्ड चिंचवेसमध्ये कधी लागला नव्हता. त्या आठवड्यात लागला. आबा स्वतः शिडीवर चढले होते आणि खालून सगळे जुने पैलवान सूचना देत होते. लहानसाच बोर्ड. वाघ नाही, डोंगर नाही, शुभेच्छुकांचे फोटोही नाहीत. या सगळ्याविना बोर्ड छापताना छापणाऱ्याला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं म्हणे.

त्याच दिवशी तोमोया दुसरा क्लब शोधायला गोव्याला परत निघाला होता. पाठीवर सॅक घेऊन चौकात आला आणि बोर्डासमोर थांबला.

"वाचून दाखवा," तो म्हणाला. "वरपासून खालपर्यंत."

"'तोमोया कुरोनुमा,'" मी वाचलं. "'गाव कामोशिरो. योशिहारू वस्तादांचा पठ्ठा.' बस, एवढंच आहे."

"लाल अक्षरांत काही?"

"काहीच नाही."

त्यानं फोटो काढला, खाली मी सांगितलेलं लिहिलं आणि पाठवून दिलं. मग आम्ही गाड्यावर चहा घेतला. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. चहा संपायच्या आत फोन वाजला. तोमोयानं वाचलं, हसायला म्हणून तोंड उघडलं आणि भर चौकात, सगळ्या पोरांसमोर, ग्लास हातात धरून रडायला लागला. पोरं गडबडली. आबा शिडी तशीच सोडून धावत आले.

"काय झालं? घरी कुणी आजारी हाय का? कुणाचा निरोप?"

तोमोयानं फोन माझ्यापुढे धरला. एकच ओळ होती. तीही प्रश्नच.

"वस्तादांचा निरोप आहे, आबा," मी म्हणाले. "विचारतायत, अजून डावा पाय उशिरा उचलतोस का?"

आबांनी तोमोयाकडे पाहिलं, मग त्याच्या डाव्या पायाकडे. आणि गंभीरपणे मान हलवली.

"त्यास्नी कळव," ते म्हणाले, "म्हणावं, उचलतंय."